जुन्या प्रशालेचा नवा आराखडा : वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातल्या बऱ्याच तालुक्यांच्या गावी निजामकाळात बांधलेल्या शाळा अजूनही भरतात. कुठली तहतानिया (प्राथमिक) म्हणून सुरू झाली, कुठली फौकानिया (माध्यमिक) म्हणून. १९४८चं हैदराबाद संस्थानाचं विलीनीकरण, मग १९५६ची राज्य पुनर्रचना, मग १ मे १९६२ला आलेल्या जिल्हा परिषदा, असे मालक बदलत गेले आणि आज त्यांना आपण ‘जि. प. प्रशाला’ म्हणतो. या आवारांचा नवा आराखडा गावाला विचारून करायचा, तर सुरुवात कुठून करायची, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांपैकी काहींना एक संवर्धन वास्तुविशारद आणि एक स्थापत्य अभियंता यांनी मिळून दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : आमच्या प्रशालेची जुनी इमारत दगडी आहे, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. चार खोल्यांना तडे आहेत. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत निकामी ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव तयार होतोय. माजी विद्यार्थी म्हणतात, हात लावू नका. पालक म्हणतात, पाडा एकदाची. ग्रामसभेत हात वर करून निकाल लावावा, असं सरपंच सुचवतात. काय करावं? – मुख्याध्यापिका, लातूर जिल्हा

मॅडम, हात वर करून हे ठरवू नका. भिंत उभी राहील की नाही, हे मोजून कळतं. गावाला विचारायचं ते त्या इमारतीत काय भरावं, मुलं कुठून यावीत, सावली कुठे हवी, हे. दोन्ही प्रश्न एकाच सभेत आले की भांडण होतं आणि दोन्हींची उत्तरं चुकतात.

तडे असलेल्या चारही खोल्यांतले वर्ग आजच दुसरीकडे बसवा. हे काम तपासणीच्या अहवालासाठी थांबवू नका.

तुमच्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. या भिंती दोन पदरांच्या असतात. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मधे कपऱ्या आणि मातीची भर. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड पुरेसे नसले, की पाणी मुरून मधली माती ढिली होते आणि बाहेरचा पदर फुगतो. गवंडी म्हणतात, ‘भिंतीला पोट आलं.’ हादरा बसला की तो पदर सुटून पडतो. हा भाग पूर्वी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरत. २००२ साली भारतीय मानक सुधारलं तेव्हा तो झोन ३मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, गेला. तपासणी करणाऱ्याला हे माहीत असतं, तरी अहवालात लिहून मागा.

माळवदाचं वजन एकदा करून पाहा. एका कोपऱ्यात सळई खुपसून मातीची जाडी मोजा. ४५ सेंटिमीटर भरली, तर चौरस मीटरला साधारण ७६० किलो. ६ बाय ८ मीटरच्या खोलीवर ३६ टन. दर दोन-चार वर्षांनी गळतंय म्हणून वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकला जातो, जुना कोणी काढत नाही, त्यामुळे हे ओझं वाढत जातं. माळवद खाली करणं हा बहुतेक वेळा दुरुस्तीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फायद्याचा भाग असतो. मात्र आधी तुळयांना टेकू द्या, मग माती खोलीभर सारख्या थरांनी काढा. एका बाजूने उकरत गेलं, किंवा काढलेली माती पडवीच्या छतावर रचून ठेवली, तर एरवी टिकलेली भिंतही ढकलली जाते.

खांबांचं मूळ बघा. खण पद्धतीच्या बांधकामात छताचं वजन बऱ्याचदा भिंतीत अर्धवट गाडलेल्या लाकडी खांबांवर असतं. १९९३मध्ये जिथे हे खांब-तुळयांचे सांगाडे धड होते, तिथे भिंती पडूनही छत तरंगत राहिलं आणि माणसं वाचली. खांब वरून सागवानी चकचकीत दिसतो, पण जोत्याजवळ वाळवीने पोकळ झालेला असू शकतो. आरी टोचून बघा. सहज आत गेली तर तेवढा तुकडा बदलावा लागेल.

तड्यांना घाईने सिमेंट भरू नका. पातळ काचेची पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा, तड्याच्या टोकाला खूण करा. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत नोंद घ्या. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा हा पायाखालच्या काळ्या मातीचा खेळ असतो. त्याचा उपाय भिंतीच्या बाहेर, पाणी लांब नेण्यात आहे. दोन्ही ऋतूंत वाढतच जाणारा तडा म्हणजे पाया खचतोय. नववी-दहावीच्या मुलांना ही नोंदवही ठेवायला द्या, ती नीट ठेवतात. वर्ग तोवर दुसरीकडेच.

भिंत वाचवण्यासारखी निघाली तर दोन कामं होतात. पहिलं, आरपार शिवण. मीटरभर अंतरावर, वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध येईल अशी, दगड हळूच सैल करून ७५ मिलिमीटर व्यासाची भोकं भिंतीच्या आरपार करतात, त्यांत दोन्हीकडे आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरतात. घणाने ठोकून भोक पाडलं तर शेजारची भर ढासळते, म्हणून पहार हळू चालवणाराच गडी हवा. दुसरं, छताच्या पातळीला चारही भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. किमान ७५ मिलिमीटर जाड, दोन सळया, ६ मिलिमीटरच्या कड्या दर १५० मिलिमीटरला. सळयांचा व्यास अभियंता ठरवेल. कोपऱ्यात सळई तोडून ठेवली तर पट्ट्याचा उपयोग नाही, ती वळवून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे. काँक्रीट ओतण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा.

तपासणी कोणाकडून करून घेता, त्यावर बरंच ठरतं. हातोडीचा ठोका मोजणारं रिबाउंड हॅमर हे काँक्रीटचं साधन आहे, दगड-मातीच्या भिंतीवर त्याचा आकडा निरर्थक. अहवालात फक्त तोच आकडा असेल, तर तपासणी झालेली नाही असं समजा. ओळंब्याने मोजलेला झुकाव, पोट आलेल्या जागांचा नकाशा, दोन-तीन ठिकाणी भिंत उघडून पाहिलेली भर, पायाशेजारचा एक खड्डा, लाकडाची तपासणी, एवढं त्यात हवं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंघजी संस्था अशा ठिकाणच्या स्थापत्य विभागाकडे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत विचारणा करा. आणि हा अहवाल निर्लेखनाच्या मंजुरीआधी फाइलला लागला पाहिजे. मंजुरी एकदा झाली, की त्याच इमारतीच्या दुरुस्तीला निधी मागणं फार अवघड होतं. चारपैकी दोन खोल्या पाडाव्या आणि दोन राखाव्या, असंही उत्तर येऊ शकतं. ते आलं तर गावापुढे तसंच ठेवा.

प्रश्न : आम्ही आराखड्यासाठी दोनदा सभा घेतली. पुढाऱ्यांची भाषणं झाली, प्रवेशद्वाराला कोणाचं नाव द्यायचं यावर तासभर गेला, बायका आणि मुली एक शब्द बोलल्या नाहीत. लोकांचं मत नेमकं घ्यायचं कसं? – सहशिक्षक, बीड जिल्हा

व्यासपीठ, माईक आणि खुर्च्यांची पहिली रांग मांडली की अशीच सभा होते. मोठी सभा अगदी शेवटी घ्या, मंजुरीपुरती. त्याआधी आठ ते बारा जणांचे गट करा: आठवी-नववीच्या मुली वेगळ्या, मुलगे वेगळे, आया, शिक्षक, माजी विद्यार्थी, शेजारचे घरवाले. शिपाईमामा आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा वेगळा गट कोणी करत नाही. पाणी कुठे तुंबतं, कुठली खिडकी लागत नाही, गॅसची टाकी कुठून ओढत न्यावी लागते, हे त्यांनाच ठाऊक असतं. मुलींच्या गटात बाईच असाव्यात, दार लावून.

बीडला वेळेचा विचार सगळ्यांत आधी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नोव्हेंबरात घेतलेलं लोकमत म्हणजे गावात उरलेल्यांचं मत. ज्या मुलांना हंगामी वसतिगृहाची, रात्री अभ्यासाच्या उजेडाची खरी गरज, त्यांचेच आईबाप त्यात नसतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडा, गटांच्या बैठका ऑगस्ट-सप्टेंबरात संध्याकाळी साडेसातनंतर घ्या आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कच्चा आराखडा ठेवा. सोयाबीन काढणीचे दिवस टाळा.

‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की उत्तर येतं: सभागृह, संगणक कक्ष, कारंजं. ‘काल शाळेत कुठे अडलात?’ असं विचारा. त्याहून चांगलं म्हणजे गटाला आवारातून चालवत न्या. फाटक, सायकली, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पडवी, मैदान, स्वयंपाकघर. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा आणि जे बोललं जाईल ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत एकाने लिहून घ्या. ‘सुट्टीत पडवीत गर्दी होते’ आणि ‘सुट्टीत पडवीत पोरं धक्का मारतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आराखडा दुसऱ्या वाक्यावरून बदलतो.

प्राधान्य ठरवायला चिंचोके वापरा. जागांची किंवा कामांची चित्रं भिंतीला ओळीने लावा, प्रत्येकाखाली एक डबा. प्रत्येकाला पाच चिंचोके. हवं तर पाचही एका डब्यात. मुलींच्या चिंचोक्यांना चुना लावा, आयांच्या चिंचोक्यांना गेरू, बाकीचे तसेच. मोजताना रंग वेगळे काढले की कोणाला काय हवंय ते एका नजरेत दिसतं. सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा लिहिलात, तर संख्येने जास्त असलेला गट बाकीच्यांना झाकून टाकतो.

नकाशा फार थोड्यांना वाचता येतो. पुठ्ठ्याचा नमुना १:१०० प्रमाणात करा. शंभर मीटर लांबीचं आवार मीटरभर टेबलावर मावतं. इमारती सुट्या ठेवा, म्हणजे लोक उचलून दुसरीकडे ठेवून बघतील. मग निवडलेला आराखडा मैदानावर खऱ्या मापात फक्कीने आखा. नवी खोली, रॅम्प, पाण्याचे नळ, सगळं. एका वर्गाला त्यात उभं करा, खिचडीची रांग लावून बघा. कागदावर ऐसपैस वाटणारा १.२ मीटरचा बोळ तिथे चाळीस मुलांनी भरला, की सगळ्यांनाच कळतं. फक्की दोन दिवस राहू द्या, बाजारच्या दिवशी येणारी माणसंही बघतील.

पंधरा दिवसांच्या आत सूचनाफलकावर तीन रकाने लावा: लोक काय म्हणाले, त्याचं काय केलं, जे केलं नाही ते का नाही. तिसरा रकाना गाळला जातो आणि पुढच्या बैठकीला माणसं येत नाहीत ती त्यामुळे. औपचारिक ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा आणि मग ग्रामसभेचा घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, त्यामुळे तिथला ठराव वजनदार ठरतो. इतिवृत्तावर सह्या त्याच बैठकीत घ्या. प्रवेशद्वाराच्या नावाचा विषय आराखडा मंजूर होईपर्यंत कार्यक्रमपत्रिकेवर घेऊच नका.

प्रश्न : दारावरच्या उर्दू शिळेवर १३३५ साल आहे. त्यावरून शाळा १९१६-१७ची धरून आम्ही शताब्दी साजरी केली. आता एक जण म्हणतो, साल चुकलंय. काही जणांना नव्या आराखड्यात ती शिळाच काढायची आहे. – माजी विद्यार्थी, परभणी जिल्हा

त्या शिळेचा चांगला फोटो काढा आणि आकड्याशेजारचं उर्दू अक्षर बघा. ‘हे’ असेल तर साल हिजरी, म्हणजे १९१६-१७ बरोबर. ‘फे’ असेल तर ते फसली साल. हैदराबाद संस्थानाचा कारभार फसली सालाने चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३३५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२५ ते ऑक्टोबर १९२६. आजूर, दै, बहमन अशा महिन्याचं नाव कोरलेलं असेल तरीही फसलीच समजा. नऊ वर्षांचा फरक पडतो आणि ही चूक बऱ्याच ठिकाणी होते.

शिळा इमारतीच्या वयाची असते, शाळेचं वय वेगळं असू शकतं. शाळा आधी मशिदीत, वाड्यात किंवा चावडीत भरत असेल. जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडा. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही उर्दू-मोडी रजिस्टरं पुन्हा कपाटाबाहेर आली आणि त्यांचं मोल सगळ्यांना कळलं. आवाराचं काम सुरू होण्याआधी ती स्कॅन करून कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच, लोखंडी कपाटात हलवा. गळक्या छताखालच्या खोलीत ठेवून वर माळवद उकरायला सुरुवात केली, तर एका वळवाच्या सरीत सगळं जातं.

शिळा काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिच्याशेजारी मराठी लिप्यंतर आणि अर्थ देणारी पाटी लावा, आणि हवी तर मुक्तिसंग्रामात तुमच्या शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी जे केलं त्याची दुसरी. हिप्परग्याची १९२१ची राष्ट्रीय शाळा असो की अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय, मराठवाड्याचा लढा शाळांच्या आवारांतच उभा राहिला. तुमच्या आवारातही त्याच्या खुणा सापडतील. जाणत्या माणसांकडून त्या आत्ताच टिपून घ्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी दगडी भिंतींच्या दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या. आता आतला गिलावा ओला होऊन पडतोय. – सरपंच, धाराशिव जिल्हा

सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, म्हणून भिंतीतलं पाणी आत निघतंय. काळा दगड पाणी फारसं सोडत नाही. भिंत वाळते ती दर्जांमधून.

पण पाणी आलं कुठून, ते आधी शोधा. बहुतेक आवारांत वर्षानुवर्षं मुरूम टाकून जमीन उंच झालेली असते आणि जोत्याचे एक-दोन थर गाडले गेलेले असतात. ते मोकळे करा. जमीन जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान १५ सेंटिमीटर खाली हवी, उतार बाहेरच्या बाजूला. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर ते पाइपाने लांब न्या. एवढ्यानेच अर्धी ओल जाते.

मग सिमेंटच्या दर्जा छिन्नीने कोरून काढा, २५ मिलिमीटर खोल. ग्राइंडर लावू देऊ नका, दगडाच्या कडा कायमच्या खराब होतात. भरायला चुन्याचा लगदा, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू १:१:१. कळीचा चुना आणून विरवा, चाळा आणि पाण्याखाली किमान पंधरा दिवस मुरू द्या. विरवताना तो उकळून उडतो, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. शाळेच्या वेळेत हे काम नको, कामगारांना चष्मे द्या. रंगासाठी पिशवीत मिळणारा चुना अनेकदा हवा लागून निर्जीव झालेला असतो, तो दर्जांना चालत नाही. दर्जा आधी ओल्या करा, दोन थरांत दाबून भरा, दगडाच्या तोंडाच्या किंचित आत ठेवा आणि ओली पोती दहा दिवस राहू द्या.

बिघडतं ते इथेच. गवंड्याला चुना हळू धरतो म्हणून घाई होते आणि तो मूठभर सिमेंट टाकतो. करारात लिहा, ‘मिश्रणात सिमेंट आढळल्यास तो भाग स्वखर्चाने काढून पुन्हा करणे.’ आधी एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या. आणि हे काम दिवाळी ते जानेवारीत करा. एप्रिल-मेमध्ये गावाला टँकर लागत असताना पोत्यांवर मारायला पाणी कोण देणार? माळवदाचं काम मात्र उन्हाळ्यातच, मृगाच्या आत छत बंद होईल असं. दोन्ही कामं एकाच निविदेत, एकाच मुदतीत बसवली की त्यातलं एक हमखास चुकीच्या महिन्यात होतं. चुन्याच्या बाबी सरकारी दरसूचीत सापडल्या नाहीत, तर दरविश्लेषण करून मंजूर करून घ्यावं लागतं; ते पावसाळ्यातच हातावेगळं करा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात आहे. मुली तिकडे जायला घाबरतात म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. नव्या नकाशात ते तिथेच दाखवलंय. आम्ही काय सांगायचं? – एक विद्यार्थिनी, हिंगोली जिल्हा

तू जे लिहिलंस तेच सांग, याच शब्दांत, आणि तुझ्या मैत्रिणींच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी द्या. जागा बदला, हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जागा अशी मागा, की तिथे जाणारी वाट शिक्षकांच्या खोलीतून किंवा पडवीतून दिसते, पण दारं मैदानाकडे उघडत नाहीत. आधी एक आडवी भिंत लागते. शाळांसाठीचं प्रमाण ४० मुलींमागे एक शौचालय आणि तीन मूत्रालयं. तुमच्या शाळेत ३०० मुली असतील तर आठ शौचालयं. नकाशात मोजून बघा. आतून लागणारी कडी, पिशवी टांगायला खुंटी, झाकणाचा डबा, आतच नळ, वर जाळीची खिडकी आणि दिवा, या गोष्टी नकाशात दिसत नाहीत, म्हणून यादीत लिहून द्या. एक शौचालय चाकाची खुर्ची आत वळेल एवढं मोठं हवं.

समितीतल्या मोठ्यांसाठी पाण्याचा हिशेब. दिवसशाळेला माणशी ४५ लिटर धरतात, म्हणजे ३०० मुलींना रोज १३,५०० लिटर. ३०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पावसात, गळती वजा जाता, साधारण १ लाख ६८ हजार लिटर पाणी मिळतं. बारा दिवसांचं. म्हणून छताचं पाणी साठवायला प्रचंड टाकी बांधण्यापेक्षा पहिला पाऊस सोडून देऊन, वाळू-खडीच्या गाळणीतून ते बोअरच्या पुनर्भरणाला लावा, आणि दोन-तीन दिवसांचं पाणी मावेल एवढीच टाकी ठेवा. माती धुऊन येणाऱ्या माळवदाचं पाणी बोअरमध्ये सोडू नका.

प्रश्न : जुन्या इमारतीला लागूनच सहा नव्या खोल्या मंजूर आहेत. जागा बरोबर आहे का? दिसायला जुन्यासारख्या करता येतील का? – शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, नांदेड जिल्हा

लागून नको. काळ्या मातीत नवा पाया कठीण मुरमापर्यंत दोन-तीन मीटर खोल जातो, आणि जुन्या भिंतीशेजारी तेवढा चर खणला की तिच्या पायाखालची माती चरात सरकते. खोदाईच्या खोलीपेक्षा जास्त अंतर सोडा. साडेचार मीटर सोडलंत तर मधे पाणी वाहून जायला आणि अग्निशमनाच्या गाडीला जागा उरते. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर केलेले खांब, हा काळ्या मातीसाठी रुळलेला उपाय आहे. नव्या-जुन्याला जोडायचंच असेल तर हलक्या छताची पडवी टाका, दोन्हींपासून सुटी.

खोट्या कमानी चिकटवू नका. उंची जुन्यापेक्षा कमी, खिडक्यांची ओळ जुन्या ओळीत, समोरून जुनी इमारत झाकली जाणार नाही, एवढं पाळलं की नवं नव्यासारखं चांगलं दिसतं. जुन्या खोल्या उन्हाळ्यात थंड का, तेही बघा: जाड भिंती, उंच छत, वर झरोके. विटा लावून बुजवलेले झरोके उघडा.

जोतं ६० सेंटिमीटर असेल तर १:१२ उताराने रॅम्प ७.२ मीटर लांब होतो, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, ७० आणि ९० सेंटिमीटर उंचीवर दांडे. मुख्य दाराशी जागा नसते, म्हणून तीन मीटरचा घसरडा उतार करून ‘रॅम्प’ लिहिलं जातं. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही. पडवीच्या टोकाला वळणाचा रॅम्प बसतो का ते पाहा.

गावात केंद्र-संरक्षित किल्ला, लेणी किंवा मंदिर असेल तर अंतर मोजून घ्या. त्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. निविदा निघाल्यावर हे कळलं तर निधी परत जातो.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवायची ठरवली आहे. पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत? – जालना जिल्हा

कोणा एकाच्या खात्यात नको. धर्मादाय कार्यालयात नोंदवलेली संस्था असावी, ८०-जी ही देणग्यांसाठीची नोंदणी असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला करसवलत मिळते. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांची देणगी चालते. नागरिकत्व बदललेल्यांची देणगी ही विदेशी देणगी ठरते, त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. जागा जिल्हा परिषदेची, म्हणून आधी तिच्याशी लेखी करार आणि आराखड्याला तांत्रिक मान्यता, मगच काम. सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर शाळेचं नाव आहे का, हेही बघा. जुन्या आवारांत ते बरेचदा नसतं, आणि मोजणी झाली की कुंपणाची रेघ शेजाऱ्याच्या गोठ्यातून जाते. वर्गणीचं पहिलं काम म्हणून मोजणी आणि संरचनात्मक तपासणी करा. सरकारी निधी या दोन्हींना सहसा उशिरा मिळतो.

प्रश्न : नव्या फाटकाच्या रस्त्यात जुना वड येतो. त्याचा पार तोडून बाजूने काँक्रीटचा रस्ता करायचा विचार आहे. – ग्रामपंचायत सदस्य, बीड जिल्हा

फाटक सरकवा. नगरपालिका हद्दीत पन्नास वर्षांपुढचं झाड वृक्ष कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं. ग्रामपंचायत हद्दीत नियम वेगळे असले, तरी त्या वडाखालीच सगळ्यांचे जेवणाचे डबे उघडतात, हे तुमच्या गटांनीही सांगितलं असेल. पार तसाच ठेवा, ढिले दगड चुन्यात बसवा. बुंध्याभोवती, फांद्यांचा घेर असेल तिथपर्यंत, काँक्रीट नको आणि खोदाईही नको. शहाबादी फरशी वाळूवर, सांधे उघडे ठेवून टाका, म्हणजे पाणी मुरेल. इमारतीवर झुकणारी फांदी असेल तर पावसाळ्याआधी जाणत्या माणसाकडून छाटून घ्या. पारंब्या फाटकाच्या उंचीच्या आड आल्या, तर त्या बांधून बाजूला वळवता येतात.